मल्लूअण्णा आणि चार दिवे

मला आजवर भेटलेला सगळ्यांत चांगला साउंडवाला ठार बहिरा होता. असं सांगितलं की समोरचा माणूस आधी हसतो आणि मग म्हणतो, "खरं सांगा, बाई." खरंच सांगते आहे.

मी कोल्हापुरात मुलींच्या एका शाळेत मराठी शिकवते. आवाज बरा आहे आणि बोलायची हौस दांडगी, म्हणून लग्नं, सत्कार, उद्घाटनं, हळदीकुंकू अशा कार्यक्रमांत निवेदनही करते. त्यामुळे माझी अर्धी अब्रू कायम साउंडवाल्याच्या हातात असते. माइक मध्येच किंचाळला तर लोक साउंडवाल्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात, जणू मीच किंचाळले. मोबाइलमध्ये मान घालून बसणारे, ऐन सत्काराला जेवायच्या पंगतीत सापडणारे, स्पीकरला टेकून घोरणारे असे नाना तऱ्हेचे साउंडवाले मी पाहिले. मल्लूअण्णा त्यातल्या कशातच बसत नव्हते.

पहिली गाठ आमच्याच शाळेच्या स्नेहसंमेलनात पडली. साउंड सांगितला होता मंगळवार पेठेतल्या प्रकाशला. त्याने टेंपोतून सामान उतरवलं, भराभर वायरी ओढल्या आणि "मामा हायत, बघतील समदं," एवढं बोलून तो दुसऱ्या ऑर्डरीवर पळाला. मामा म्हणजे त्याचे सासरे, हेच मल्लूअण्णा. पांढरा लेंगा, पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आणि सदऱ्याच्या खिशात पेनाच्या जागी रंगाऱ्याचा छोटा ब्रश. अँप्लिफायरची जाळी झाडायला तो लागायचा. ते स्टुलावर बसून अँप्लिफायरच्या तोंडाकडे असे बघत होते, जसं आपण गॅसवरच्या दुधाकडे बघतो.

त्यांनी बटण दाबलं आणि भसकन लाल दिवा लागला. आमच्या मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, त्यांचा विजेवर मुळातच विश्वास नाही. "अहो, लाल लागला! बंद करा! मुली आहेत इथं!" त्या ओरडल्या. अण्णा ढिम्म. त्यांनी आपला पंजा अँप्लिफायरच्या पाठीवर ठेवला, डोळे बारीक केले आणि थांबले. दोनचार सेकंदांत आतून टक् झालं, लाल दिवा गेला.

"जागं झालं!" अण्णा गरजले. मोठ्या बाई जागच्या जागी वीतभर उडाल्या.

मी माइक हातात घेतला. "हॅलो, हॅलो. काका, आवाज येतोय का?"

"मला न्हाय येत!" ते स्टुलावरून ओरडले. "माझं कान गेल्यात. पर मागं येतोय की! ती शेवटच्या रांगंतली दोन वेण्यांची पोरगी बगा, ती आत्ता शेजारणीला म्हणाली, ही बाई लई किरकिर करती."

मी मागे पाहिलं. दोन वेण्यांच्या मुलीने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं.

त्या दिवसापासून मी अण्णांची झाले. कुठल्याही कार्यक्रमाचं निमंत्रण आलं की आधी विचारायची, साउंड कुणाचा.

कबनूरला त्यांचा जन्म गेला होता. पोरवयात यंत्रमागावर उभे राहिले ते केस पिकेपर्यंत. मागांच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तरी ओठांवर बोलावं लागतं, त्यामुळे कान जात होते तसे अण्णांचे डोळे धारदार होत गेले. पन्नास पावलांवरच्या माणसाचं बोलणं ते ओठांवरून उचलायचे. बायको वारल्यावर एकुलत्या मुलीने, सुनंदाने, त्यांना मंगळवार पेठेत आपल्या घरी आणलं. खाली प्रकाशचं साउंडचं दुकान, वर बिऱ्हाड. जग त्यांना अण्णा म्हणायचं, मुलगी अप्पा म्हणायची, जावई मामा म्हणायचा. कुठल्याच हाकेला त्यांना ओ देता येत नसल्यामुळे त्यांची काही तक्रार नव्हती. ते स्वतः मात्र जावयाला पावणं म्हणायचे. लग्नाला बारा वर्षं झाली तरी पावणंच.

"मागावर काय करायचो?" त्यांनी मला एकदा सांगितलं. सांगितलं म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगितलं, कारण त्यांचा हळू आवाज असा नव्हताच. "धागा तुटला की डोळ्यानं बगायचं. माग बिघडला की हात लावून वळखायचं. हितंबी त्येच हाय की, बाई. तुमी कानानं ऐकता, तुमच्या कानाला आवडनिवड. माज्या म्हाताऱ्याचा आवाज ग्वाड, शेजाऱ्याचा वंगाळ. दिवा कुणाचा पावणा न्हाय."

अँप्लिफायरच्या तोंडावर चार दिवे होते. पहिला निळा, म्हणजे वीज आली. दुसरा हिरवा, तो आवाजाबरोबर नाचायचा. तिसरा पिवळा, त्याच्याखाली इंग्रजीत क्लिप लिहिलेलं. चौथा लाल, त्याच्याखाली प्रोटेक्ट. निळ्याहिरव्याचं अण्णांना काही नव्हतं. पिवळ्या-लालाच्या मुळाशी मात्र त्यांना जायचं होतं. एके दिवशी शाळा सुटायच्या वेळी ते फाटकाशी उभे. हातात मशीनबरोबर आलेलं पुस्तक.

"बाई, ह्ये इंग्रजीत हाय. रोगाचं पान तेवडं मराठीत करून द्या की."

रोगाचं पान म्हणजे दिवे आणि बिघाड यांचा तक्ता. मी मराठीची बाई; मला वाटलं, अर्ध्या तासाचं काम. पहिल्याच शब्दाला अडले. क्लिप म्हणजे काय? अण्णा म्हणाले, केसाला लावायची? मी स्टाफरूममध्ये विज्ञानाच्या बाईंना गाठलं. त्यांनी फळ्यावर एक डोंगर काढला आणि त्याचं शेंड्यावरचं टोक पुसून टाकलं. मशीनच्या ताकदीबाहेरचा आवाज मागितला की ते आवाजाचं डोकं छाटतं, मग आवाज फाटतो, आणि असंच चालू ठेवलं तर स्पीकर जळतो. अण्णा फळ्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हंजे ह्येचा घसा बसतोय!"

"एखाद्या वेळी पिवळा लुकलुकला तर चालतं, असं लिहिलंय," मी म्हणाले. "टाळी, ढोल, असं काही झालं की. पण टिकून राहिला तर आवाज कमी करायचा."

"आन् लाल?"

"लाल म्हणजे मशीनने स्वतःला वाचवण्यासाठी आवाज तोडला. एक तर ते तापलंय, नाहीतर स्पीकरच्या वायरीत कुठंतरी दोन तारा एकमेकींना चिकटल्यात, नाहीतर एकाच मशीनवर जास्त स्पीकर लादलेत. आणि सगळं काढूनही लाल राहिला तर बिघाड मशीनच्या आत आहे. आपण उघडायचं नाही."

"लाल म्हंजे शाणपणा, म्हना की," अण्णा म्हणाले. "लोकं लाल बगून घाबरत्यात. आरं, जळण्यापरीस गप बसलंय त्ये!"

मी वहीच्या पानावर सगळं सुवाच्य लिहून दिलं. अण्णांनी ते पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून मशीनच्या झाकणाला चिकटवलं. चिकटवताना माझ्या 'संरक्षणात्मक स्थिती' या शब्दांवर त्यांनी काट मारली आणि 'गप बसलंय' असं लिहिलं. मला माझ्या पदवीची थोडी लाज वाटली, पण त्यांचंच बरोबर होतं.

त्यानंतर आमची जोडी जमली. मी स्टेजवर, ते खाली स्टुलावर. ते मला हाताने खुणा करायचे. मूठ उघडली की बोला, मूठ मिटली की आवरा. दोन बोटं हलवली की माइक लांब धरा. आवाज जास्त झाला की ते "साक, साक!" म्हणायचे, तो त्यांच्या आईच्या कानडीतला शब्द, पुरे म्हणजे साक. वर शेवटच्या रांगेतल्या बातम्या फुकट मिळायच्या. एका सत्कारात मी सत्कारमूर्तींचं गुणवर्णन रंगवत होते, तेवढ्यात अण्णांनी मूठ मिटली. नंतर विचारलं तर म्हणाले, "समद्या बायका एकमेकीस्नी इचारत हुत्या, जेवाणात रस्सा हाय का आमटी. मग काय बोलून उपेग?"

एका लग्नात तर त्यांनी कहर केला. दुपारचा मुहूर्त, उन्हाने हॉल भट्टीसारखा. डेकोरेशनवाल्याला आमचं काळं मशीन फोटोत नको होतं, म्हणून त्याने आम्हाला न सांगता त्याच्यावर झालरीचं गुलाबी सॅटिन ओढलं, पुढून, मागून, सगळीकडून. मंगलाष्टकं सुरू झाली. तिसऱ्या मंगलाष्टकाला अण्णांनी सवयीने मशीनवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. सॅटिन उचललं तर आतून भपकारा. लाल अजून लागला नव्हता, पण लागणार हे दिसत होतं. आणि लागला असता तर गुरुजींचा "सावधान" फक्त पहिल्या रांगेपुरता उरला असता.

अण्णांनी सॅटिन फाडून काढलं. मग इकडेतिकडे पाहिलं. हॉलमध्ये एकच मोठा उभा पंखा होता आणि तो नवऱ्या मुलाच्या मामाकडे तोंड करून फिरत होता. मामा म्हणजे शंभर किलोचा सज्जन माणूस, फेटा बांधलेला, घामाने डबडबलेला. अण्णा गेले, पंखा उचलला आणि चालू लागले.

"ओ काका! पंखा कुठं नेताय? मामांना घाम आलाय!" वरपक्षाचं कुणीतरी समोर येऊन ओरडलं.

"मामा दम काढतील!" अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं अण्णा बोलले. "ह्यो काढणार न्हाय!"

गुरुजी मंगलाष्टकाच्या मधोमध हसले. नवरी अंतरपाटाआडून हसली. पंखा मशीनच्या पाठीशी लागला, अण्णांनी आवाज थोडा उतरवला, खिशातल्या ब्रशने जाळी झाडली, आणि लग्न शेवटपर्यंत खणखणीत लागलं. मामांनी फेटा काढून त्यानेच वारा घेतला. जेवताना ते मुद्दाम अण्णांच्या पंगतीला बसले आणि विचारलं, "बरं हाय का आता तुमच्या पेशंटचं?" अण्णांना प्रश्न ओठांवरून कळला. "ताप उतरलाय," ते गंभीरपणे म्हणाले. "तुमचा?"

सगळेच काही मामांसारखे नव्हते.

एका दूध संस्थेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन होतं. एक पुढारी आले होते. त्यांची समजूत अशी की माइक हा खायचा पदार्थ आहे. ओठ माइकला चिकटवून त्यांनी गर्जना सुरू केली. पिवळा दिवा लागला तो लागलाच, लुकलुकणं नाही, तसूभर हलणं नाही. अण्णांनी आवाज उतरवला. प्रकाश त्या दिवशी हजर होता. त्याला पुढारी खूश करायचे होते, त्याने आवाज चढवला. अण्णांनी उतरवला, प्रकाशने चढवला. असं चारदा झालं. मग अण्णा उठले, पायऱ्या चढून स्टेजवर गेले आणि माइकचा स्टँड धरून तो वीतभर मागे ओढला.

पुढारी बोलता बोलता पुढे सरकले. अण्णांनी परत वीतभर ओढला. पुढारी परत सरकले. मी स्टेजवरच उभी होते. मला पदर तोंडात घालावा लागला. अण्णा उलटे चालताहेत, पुढारी "शेतकऱ्यांच्या हितासाठी आम्ही मागं हटणार नाही!" म्हणत पुढे चालताहेत, असं करत दोघं स्टेजच्या कडेपर्यंत आले. खाली माणसं पोट धरून बसली. कडेला आल्यावर अण्णांनी स्टँड सोडला, पुढाऱ्यांच्या छातीवर तळहात ठेवून त्यांना अदबीने जागेवर थांबवलं आणि म्हणाले, "सायेब, हितनं बोला. माणसं भैरी न्हाईत. मी एकटाच हाय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पिवळा दिवा विझला. पण पुढाऱ्यांचा चेहरा पडला, आणि कार्यक्रमानंतर त्यांच्या माणसाने प्रकाशला बाजूला घेऊन झापलं. "साउंडला भैरा माणूस बसवतोस? चेष्टा लावलीय व्हय?"

प्रकाश वाईट मुलगा नव्हता. धंदा वाढवायची त्याला घाई होती आणि चारचौघांत झालेला अपमान त्याला झोंबला होता. त्याने नवीन, थोरलं मशीन घेतलं आणि सासऱ्यांना म्हणाला, "मामा, आता तुमी इश्रांती घ्या." अण्णांनी त्याच्या ओठांकडे पाहिलं. त्यांना नीट कळलं होतं, तरी त्यांनी दोनदा विचारलं, "काय म्हनालासा?" आणि दोनदा त्याला ते म्हणायला लावलं. मग जिना चढून वर गेले. सुनंदा मला म्हणाली, "बाई, अप्पा दिवसभर गॅलरीत बसत्यात. समोरच्या घरातली भांडणं बघून मला सांगत्यात. ती भांडणं तरी किती दिवस पुरणार?"

महिनाभराने महिला मेळावा आला. सातआठशे बायका, हळदीकुंकू, आणि मुख्य आकर्षण उखाण्यांची स्पर्धा. निवेदन माझं, साउंड प्रकाशचा, नवीन थोरलं मशीन. त्याच्यासाठी ही मोठी संधी होती. इथं जमलं असतं तर महिला मंडळाच्या वर्षभराच्या ऑर्डरी त्याच्याच होत्या. दुपारी स्पर्धा रंगात आली. एका बाईने म्हटलं,

"फोडणीत टाकली मोहरी, वर टाकला कढीपत्ता,
सुभाषराव घरी नसले की लागत नाही त्यांचा पत्ता!"

हॉल कोसळला. मंडळाच्या अध्यक्षा कुसुमताई पहिल्या रांगेत सिंहासनासारख्या लोखंडी खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांना अंतिम फेरी जवळून बघायची होती, म्हणून त्यांनी खुर्ची पुढे ओढायला लावली. मी पुढचं नाव पुकारायला तोंड उघडलं आणि आवाज गेला. मशीनवर लाल दिवा.

प्रकाशने बटण बंद केलं, चालू केलं. लाल. परत बंद, परत चालू. लाल. बायकांचा कलकलाट वाढला. कुणी म्हणालं जेवण वाढा, कुणी म्हणालं दुसरा साउंड मागवा. कुसुमताई घड्याळ बघू लागल्या. प्रकाश मशीनच्या झाकणाचे स्क्रू काढायला निघाला.

"थांब," मी म्हणाले. "सुनंदाला फोन लावते."

"नगं, बाई. मामांस्नी ऐकू येत न्हाय. फोनवर काय सांगणार त्ये?"

"ऐकायचंय कुठं? बघायचंय."

मी व्हिडिओ कॉल लावला. सुनंदाने फोन वडिलांसमोर धरला आणि मी माझा फोन मशीनच्या तोंडासमोर. पडद्यावर आधी विभूतीचे तीन पट्टे आले, मग एक डोळा, मग अख्खा चेहरा. लाल दिवा दिसताच तो चेहरा गावाकडचं पत्र आल्यासारखा फुलला.

"गप बसलंय!" अण्णा ओरडले. फोनचा एवढासा स्पीकर, पण तो आवाज चौथ्या रांगेपर्यंत गेला. बायका गप्प झाल्या. "पावणं! पयलं आवाज पार खाली घ्या! आता हात लावा पाठीला! तापलंय?"

प्रकाशने मानेने नाही म्हटलं. मी फोन त्याच्याकडे वळवला, त्याने परत मान हलवली.

"थंड हाय, म्हंजे ताप न्हाय! बंद करा. मागच्या समद्या वायरी काडा. समद्या! आता चालू करा!"

निळा दिवा लागला. लाल लागला. मग टक्, आणि लाल गेला. हॉलमध्ये कुणीतरी टाळी वाजवली.

"मशीनला धाड भरली न्हाय!" अण्णा म्हणाले. "रोग वायरीत हाय. आता एकेक लावा. दर येळी बंद करून लावा!"

पहिली वायर लावली. लाल येऊन गेला. दुसरी लावली. लाल येऊन गेला. आता आख्खा हॉल मोजत होता. "तिसरी!" सातआठशे बायका ओरडल्या. तिसरी लावली. लाल आला, आणि बसून राहिला.

"घावली!" अण्णांनी मांडीवर थाप मारली. "तिच्यामागनं जावा, कुटं चेंगारलीया बगा!"

प्रकाश गुडघ्यांवर बसून वायर चाचपत निघाला. गालिच्याखालून, फुलांच्या कुंड्यांमधून, आणि थेट कुसुमताईंच्या पायांशी. त्याने हात जोडले. "ताई, जरा उठता का?"

सिंहासनाचा लोखंडी पाय वायरीत रुतला होता. सालपट सोलून दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. प्रकाशने तेवढा तुकडा कापला, तारा वेगळ्या जोडून टेप गुंडाळली, वायर लावली, मशीन परत चालू केलं. टक्. लाल गेला.

त्याने आवाज परत चढवला. "हॅलो," मी माइकमध्ये म्हणाले, आणि हॉल दणाणला.

कुसुमताई हसत हसत माइकपाशी आल्या आणि म्हणाल्या, "स्पर्धेतला पहिला नंबर नंतर देऊ. आधी फोनमधल्या त्या पाहुण्यांना टाळ्या द्या." टाळ्या झाल्या. अण्णांना त्या ऐकू आल्या नाहीत, पण मी फोन बायकांकडे फिरवला. हलणारे हजारभर हात त्यांनी पाहिले. सुनंदाने नंतर सांगितलं, की ते कितीतरी वेळ मोबाइलला हात जोडून बसले होते, कॉल संपला तरी.

प्रकाश त्याच संध्याकाळी जिना चढून वर गेला. काय बोलला ते सुनंदालाही कळलं नाही, कारण तो आवाज न करता नुसते ओठ हलवून बोलला. दुसऱ्या दिवशी अण्णा परत स्टुलावर होते. त्या वर्षात मी त्यांच्याशिवाय एकही कार्यक्रम केला नाही.

पुढच्या वर्षीच्या मेळाव्याच्या आठवडाभर आधी प्रकाशने त्यांना कानाचं यंत्र आणून दिलं. पहिले दोन दिवस धमाल झाली. मंगळवार पेठेत इतका आवाज असतो हे अण्णांना माहीतच नव्हतं. प्रेशर कुकरच्या शिट्टीला ते बाहेर पळाले. आपण चालताना चप्पल वाजते म्हणून चप्पल बदलली. मी भेटायला गेले तर माझं बोलणं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाले, "ती दोन वेण्यांची पोरगी खरं बोलत हुती की वो, बाई!" स्टुलावर बसल्यावर मात्र ते यंत्र काढून खिशात ठेवायचे. कानाने ऐकलं की हात उगाच बटणाकडे जातो, असं त्यांचं म्हणणं.

मेळाव्याच्या दिवशीही त्यांनी ते काढून ठेवलं होतं. कबनूरला भावाने नवं घर बांधलं होतं, त्याने राहायला बोलावलं होतं, आणि कार्यक्रम संपला की प्रकाश त्यांना टेंपोनेच तिकडे सोडणार होता. गाठोडं टेंपोत पडलं होतं. उखाण्यांच्या स्पर्धेत मी नावं पुकारत होते. "सुनंदा प्रकाश," मी म्हणाले.

अण्णांनी माझे ओठ वाचले. खिशातून यंत्र काढलं, कानात बसवलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा मशीनकडे पाठ करून बसले.

सुनंदा माइकसमोर आली. बहिऱ्या माणसाची मुलगी ती. लहानपणापासून मोठ्यानेच बोलायची सवय. तिने छाती भरून घेतली.

"कबनूरच्या मागाची दिवसभर खडखड,
प्रकाशरावांचं नाव घेते, अप्पा, होतीय काळजाची धडधड!"

हॉल हादरला. पिवळा दिवा ठाण मांडून बसला. प्रकाशने आवाज उतरवायला हात पुढे केला, तर अण्णांनी मागे न बघता त्याचं मनगट धरलं. "ऱ्हाऊ द्या, पावणं," ते म्हणाले. मी स्टेजवरून त्यांच्याकडे बघत होते. ते लेकीकडे बघत होते, डोळ्यांनी नाही, मान जरा तिरकी करून, कान पुढे करून. मग पुटपुटले. "आवाज हिच्या आईवर गेलाय."

सुनंदाचा दुसरा नंबर आला. पहिला आला नाही म्हणून अण्णा परीक्षकांशी भांडायला निघाले होते, त्यांना आवरावं लागलं.

सामान भरून झाल्यावर मी त्यांना निरोप द्यायला बाहेर गेले. टेंपोच्या पुढच्या सीटवर तिघं दाटीवाटीने बसले होते, प्रकाश गाडी चालवायला, सुनंदा मध्ये, अण्णा खिडकीशी. यंत्र कानात होतं, त्यामुळे त्यांना आता स्वतःचा आवाज ऐकू येत होता, आणि एवढी वर्षं आपण केवढ्याने ओरडत होतो या विचाराने त्यांना भलताच संकोच वाटत होता. त्यांनी खिडकीतून मान बाहेर काढली, माझ्याकडे बघून हात जोडले आणि काहीतरी म्हणाले. ओठ हलले एवढंच मला दिसलं. मी कानामागे हात धरला. त्यांनी परत म्हटलं, आणखी हळू.

टेंपो सुरू झाला. निघता निघता सुनंदाचं खणखणीत बोलणं तेवढं कानावर आलं.

"अप्पा, काय म्हनालासा? ऐकू आलं न्हाय! जरा मोठ्यानं बोला की!"